बहिरेपणाचा हिशेब

धोट्याच्या मागावर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या कामगाराला कमी ऐकू येते, ह्याचे इचलकरंजीत, भिवंडीत वा मालेगावात कोणाला नवल वाटत नाही. मालकाला नाही, आणि खेदाची गोष्ट म्हणजे खुद्द कामगारालाही नाही. ‘सवय होते’ असे म्हटले जाते. वस्तुतः कानाला सवय होत नसते. होतो तो क्षय, आणि तो पेशींच्या पातळीवर होतो.

आतल्या कानातील शंखाकृती नळीत जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात. प्रत्येकीच्या माथ्यावर अतिसूक्ष्म रोमांचा झुबका असतो व ते रोम एकमेकांना धाग्यांनी जोडलेले असतात. ध्वनिलहरीने झुबका वाकला की धागे ताणले जातात, पेशीची सूक्ष्म दारे उघडतात आणि संदेश मज्जातंतूकडे जातो. आवाज प्रचंड असेल तर हे धागे तुटतात. थोडे तुटले तर पुन्हा जुळतात. रोमांची मुळेच खचली तर मात्र उपाय नाही. शिवाय अतिश्रमाने पेशीतील तंतुकणिका विषारी प्राणवायू-संयुगे निर्माण करतात, आणि हा उत्पात माग थांबल्यावरही काही दिवस चालू राहतो. शेवटी पेशी स्वतःच मरण पत्करते. पक्ष्यांत अशा पेशी पुन्हा उगवतात, हे १९८० च्या दशकात सिद्ध झाले. माणसात त्या उगवत नाहीत.

ह्याहून गंभीर बाब २००९ साली पुढे आली. बोस्टनच्या शेरॉन कुजावा व चार्ल्स लिबरमन ह्यांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकविला. काही आठवड्यांत त्यांची श्रवणक्षमता चाचणीत पूर्ववत दिसली, केसपेशीही शाबूत होत्या. परंतु उच्च स्वरांच्या भागातील जवळजवळ निम्मे मज्जातंतु-जोड कायमचे नाहीसे झाले होते. माणसाच्या बाबतीत असे जोड जिवंतपणी मोजता येत नाहीत. म्हणजेच श्रवण-आलेख निर्दोष आला, म्हणून कान निर्दोष आहे असे म्हणण्यास आधार उरत नाही. गोंगाटात शेजाऱ्याचे बोलणे न उमगणारा कामगार ढोंग करतो, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता कायद्याकडे पाहू. कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था १९७२ पासून ८५ ची शिफारस करीत आली आहे. पाचाचा हा फरक किरकोळ नव्हे. डेसिबलच्या हिशेबात ९० म्हणजे ८५ च्या तिपटीहून अधिक ध्वनिशक्ती. ध्वनिजन्य बधिरता १९४८ च्या कारखाने कायद्यात सूचनीय रोग होती, २०२० च्या संहितेतही आहे. पण त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली. यंत्रमागाचा धंदा बहुतांशी लहान लहान खात्यांत विखुरलेला! जेथे कारखानाच नाही, तेथे रोगाची सूचना कोणी, कोणास द्यावयाची?

अर्थशास्त्राच्या भाषेत हा उत्पादनाचाच खर्च होय. तो कापडाच्या भावात मात्र कोठेच धरलेला नाही. पिकावर मजुरी मिळविणारा विणकर तो आपल्या केसपेशींतून भरतो. मागाला धक्काशोषक बैठक बसविणे, धोट्याऐवजी कमी आवाजाचे माग आणणे ह्याला भांडवल लागते, आणि ते कोणी घालावयाचे हा प्रश्न मजुरीच्या प्रत्येक करारात मागण्यांच्या यादीबाहेरच राहिला आहे.