यूकेतली पहिली सुट्टी लंडनला? जरा थांबा!

दोन रात्री, एक शहर आणि शंभर पौंड. उत्तर इंग्लंडमध्ये शिकायला निघालेल्यांनी पहिली ट्रिप अशी करून बघावी. पैसे वाचतातच, पण खरं कारण वेगळं आहे.

सप्टेंबरच्या इनटेकला निघणाऱ्यांची तयारी कशी असते, ते आता पाठ झालंय. छोटा कुकर, मेतकूट, भाजणी, आईने शेवटच्या क्षणी कोंबलेला गोडा मसाला आणि वजनकाट्यावर तीनदा चढवलेली बॅग. त्या बॅगेत मावत नाही अशी आणखी एक गोष्ट सोबत असते, ती म्हणजे डोक्यातली यादी. लंडन आय, बिग बेन, मग पॅरिस, जमलंच तर स्वित्झर्लंड.

यादीला माझा विरोध नाही. पण अ‍ॅडमिशन लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर, लिव्हरपूल किंवा न्यूकॅसलला मिळाली असेल, तर पहिली सुट्टी त्याच भागातल्या एखाद्या शहरात घालवा, असं माझं म्हणणं आहे. कारण तिथे एका वर्षाच्या मास्टर्सला गेलेल्या मुलामुलींचे दोन प्रकार मी बघितलेत. एक, कर्जाच्या आकड्याने इतके दबलेले की वर्षभर खोली, लायब्ररी आणि पार्टटाइम शिफ्ट यापलीकडे काहीच बघत नाहीत. दुसरे, डिसेंबरमध्ये पाच दिवसांच्या पॅरिस ट्रिपवर तीन महिन्यांची शिल्लक उडवतात आणि फेब्रुवारीभर मॅगी खातात. दोघांचंही चुकतंय, आणि दोघांसाठीही मधला रस्ता आहे.

सगळं बघायचा हट्ट सोडा

आधी माझीच फजिती सांगते. पहिल्या सुट्टीत आम्ही चौघांनी तीन दिवसांत चार शहरं ‘केली’. मँचेस्टर, लिव्हरपूल, यॉर्क, न्यूकॅसल. अष्टविनायक यात्रेच्या बसमध्ये जसं ‘चला चला, पुढचा गणपती’ चालतं, अगदी तसं. आज त्यातलं आठवतं काय? प्लॅटफॉर्म, कॉफीचे कागदी कप आणि शेवटच्या रात्री रद्द झालेली परतीची ट्रेन. मुकाट्याने टॅक्सी केली, चौघांत भाडं वाटून घेतलं, तरी ते प्रत्येकाच्या एका दिवसाच्या खर्चापेक्षा जास्त झालं.

नंतर कळलं की शेवटची ट्रेन रद्द झाली तर आधी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना गाठायचं असतं. तुम्हाला पोचवायची किंवा रात्रीची सोय करायची जबाबदारी शक्य तिथे रेल्वे कंपनीची असते. ट्रेन उशिरा पोचली तर ‘डिले रीपे’ नावाची भरपाईही मिळते, फक्त ती मागावी लागते. आम्ही मागितली नाही, कारण अशी काही सोय आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतरचा माझा नियम साधा आहे. एक शहर मुक्कामाला, दिवसाला ठरवून दोनच गोष्टी आणि फार तर जवळचं एखादं ठिकाण. बाकीचा वेळ मोकळा.

शंभर पौंडांचं गणित

एक पौंड म्हणजे शंभराहून जास्त रुपये, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक गोष्टीचा मनात गुणाकार होतो. तो थांबवायचा असेल तर निघण्याआधीच एक आकडा ठरवा. माझा आकडा शंभर पौंड. साधारण 25 प्रवासाला, 45 दोन रात्रींच्या झोपायला, 10 शहरातल्या बसला आणि 20 खाण्याला. आकडे पुढेमागे होतील, एकूण बेरीज हलू द्यायची नाही.

प्रवासासाठी ‘16-25 रेलकार्ड’ आधी काढा. तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, त्यामुळे कार्डाचे पैसे दोन-चार प्रवासांतच वसूल होतात. वय 26 च्या पुढे असलं तरी फुलटाइम विद्यार्थ्यांना हे कार्ड मिळतं, हे अनेकांना माहीतच नसतं. एक मेख लक्षात ठेवा. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आधीच्या प्रवासाला या कार्डावर किमान भाडं 12 पौंड धरलं जातं. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते. म्हणजे दहानंतर निघा. तारीख पक्की असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट आधीच घ्या, त्याच दिवशी स्टेशनवर घेतलेलं तिकीट बऱ्याचदा दुपटीने महाग पडतं. ट्रेन परवडत नसेल तर कोच आहेत. वेळ जास्त लागतो, पण पैसे बरेच वाचतात. शहरात आणि आसपास फिरायला बस उत्तम. सध्या इंग्लंडमधल्या बहुतेक बसना एका फेरीचं भाडं जास्तीत जास्त 3 पौंड आहे, ग्रेटर मँचेस्टरमध्ये तर 2.

झोपायला बॅकपॅकर हॉस्टेल. मँचेस्टर, लिव्हरपूल, यॉर्क तिन्हीकडे वायएचएची हॉस्टेलं आहेत आणि तिथे स्वतः शिजवायला किचन असतं. पोह्यांची पिशवी सोबत न्याच. तिघं असाल तर मात्र साध्या बजेट हॉटेलमधल्या खोलीचा भावही बघा, कधीकधी तीन बेडपेक्षा एक खोली स्वस्त पडते. शनिवारची रात्र टाळा. त्या शहरात फुटबॉलची मोठी मॅच किंवा मोठी कॉन्सर्ट नाही ना, हे बुकिंगच्या आधी तपासा. नाहीतर 20 पौंडांचा बेड बघता बघता 60 वर जातो. दुपारी सुपरमार्केटमधली मील डील, आणि रात्री दुकान बंद व्हायच्या आधी पिवळी स्टिकरं लावलेल्या वस्तू शोधायच्या. त्यात लाज कसली? तिथले विद्यार्थीही तेच करतात.

तारखेबद्दल दोन गोष्टी. 25 डिसेंबरला तिथे ट्रेन धावतच नाहीत आणि 26 लाही नावापुरत्याच असतात. डिसेंबरमध्ये पावणेचार-चारलाच अंधार पडतो. त्यामुळे ऑक्टोबर किंवा मार्च जास्त बरा.

इचलकरंजी ते मँचेस्टर

आता मुद्द्याचं. इचलकरंजीला आपण ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणतो. मग ज्याच्यावरून नाव दिलं ते मँचेस्टर नको बघायला?

तिथल्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियमला तिकीट नाही. ते उभं आहे लिव्हरपूल रोड स्टेशनच्या आवारात. 1830 मध्ये दोन शहरांना जोडणारी जगातली पहिली प्रवासी रेल्वे सुरू झाली, तिचं हे मँचेस्टरकडचं टोक. आत कापडगिरणीची जुनी यंत्रं आहेत. काही भाग दुरुस्तीसाठी बंद असतात, म्हणून आधी वेबसाइट बघून जा. तिथून चालत पीपल्स हिस्टरी म्युझियमला जाता येतं. तेही फुकट. कामगारांनी मताचा हक्क, संघटनेचा हक्क कसा मिळवला, त्याची गोष्ट तिथे आहे.

मग अल्बर्ट स्क्वेअरजवळच्या लिंकन स्क्वेअरमध्ये जा. अब्राहम लिंकनचा पुतळा मँचेस्टरमध्ये कशाला? अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात, दक्षिणेतल्या गुलामांनी पिकवलेला कापूस लँकेशायरला यायचा थांबला. गिरण्या बंद पडल्या, लोक उपाशी राहिले. तरीही मँचेस्टरच्या अनेक कामगारांनी गुलामगिरीविरोधात लिंकनला पाठिंबा दिला. 1863 मध्ये लिंकनने त्यांना पत्र लिहिलं, त्यातला मजकूर पुतळ्याखाली कोरलेला आहे.

या गोष्टीचं दुसरं टोक मुंबईत आहे. अमेरिकेचा कापूस थांबला तशी मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला राजाबाई टॉवर. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतले कितीतरी जण रस्त्यावर आले. फोर्ट कॅम्पसमधून जाताना जे घड्याळ आपण रोज बघतो, त्याचा संबंध मँचेस्टरच्या बंद गिरण्यांशी आहे. हे मला मुंबईत राहून कळलं नव्हतं. मँचेस्टरच्या त्या चौकात, पावसात उभं राहून फोनवर शोधताना कळलं.

थोडं पुढे कॅथीड्रलबाहेर गांधीजींचा पुतळा आहे, 2019 मध्ये बसवलेला. 1931 मध्ये गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेनला गेले होते. आपल्या बहिष्कारामुळे ज्यांचं काम गेलं, त्या कामगारांना भेटायला. आणि त्या कामगारांनी त्यांचं स्वागत केलं. विद्यापीठाच्या मँचेस्टर म्युझियममध्ये 2023 पासून दक्षिण आशियाचं स्वतंत्र दालनही आहे. आपल्यासारखीच घर सोडून आलेली माणसं तिथे भेटतात. या सगळ्यात खर्च किती? बसचे दोन-चार पौंड.

बाकीची शहरंही अशीच उदार आहेत. लीड्सहून ट्रेनने पंधरा मिनिटांवर सॉल्टेअर आहे. गिरणीमालकाने एकोणिसाव्या शतकात कामगारांसाठी वसवलेलं हे अख्खं गाव आता जागतिक वारसास्थळ आहे, आणि गिरणीत डेव्हिड हॉकनीची चित्रं मोफत बघायला मिळतात. लिव्हरपूलजवळ क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर अँटनी गॉर्मलीने उभे केलेले शंभर लोखंडी पुरुष समुद्राकडे बघत उभे असतात. भरतीच्या वेळी त्यांच्याजवळ जायचं धाडस मात्र करू नका. यॉर्कच्या तटावर फुकट चालता येतं, नॅशनल रेल्वे म्युझियमही फुकट. यॉर्क मिन्स्टरचं तिकीट महाग आहे, पण संध्याकाळच्या ‘इव्हनसाँग’ प्रार्थनेला बसलात तर पैसे लागत नाहीत. गप्प बसून ऐका, फोटो नकोत. न्यूकॅसलला असाल तर जवळच्या डरहॅमच्या कॅथीड्रललाही तिकीट नाही.

कुणी म्हणेल, लंडनची मोठी म्युझियमंही फुकटच आहेत की! आहेत ना. पण तिथे झोपायला आणि पोचायला जे लागतं, त्यात इकडे दोन ट्रिप होतात. पॅरिसला जायचं तर शेंगेन व्हिसाचे पैसे, अपॉइंटमेंट आणि वाट बघणं वेगळंच. तेही करा, पण वर्षाच्या शेवटी, खिशाचा अंदाज आल्यावर.

आणि तो गिल्ट

‘आईबाबांनी कर्ज काढून पाठवलंय आणि मी फिरतेय?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो. मी तर इन्स्टा स्टोरी घरच्यांपासून लपवायचे. भाडं थकलेलं असेल, असाइनमेंट डोक्यावर असेल तर जाऊच नका, हे वेगळं सांगायला नको. पण फिरणं म्हणजे पैसेवाल्यांचा शौक, हे मी आता मानत नाही. ते एका डोंगराने शिकवलं.

सह्याद्रीत रविवार घालवणाऱ्यांसाठी ही खास गोष्ट आहे. मँचेस्टर किंवा शेफील्डहून ट्रेनने तासाभराच्या आत एडेल नावाचं छोटं स्टेशन लागतं. उतरलं की समोर पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर आणि त्यातलं किंडर स्काउटचं पठार. एकेकाळी हे पठार जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होतं, सामान्यांना तिथे बंदी होती. 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टर आणि शेफील्डकडच्या शेकडो तरुणांनी ती बंदी मोडली आणि ते सरळ वर चढले. त्यात कामगार पोरंपोरी भरपूर होती. त्यांच्यातला पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याच वयाचा. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि आज आपण तिथे बिनतिकिटाचे चालतो.

आठवडाभर राबलेल्या, खिसा रिकामा असलेल्या पोरांना रविवारी मोकळ्या हवेत चालायचं होतं, त्यासाठी ती भांडली. मग आठवडाभर वाचून, शिफ्ट करून थकलेल्या आपण स्वस्तात दोन दिवस मोकळे घालवले, तर त्यात चोरी कसली?

तेव्हा जायच्या आधी एक आकडा ठरवा, एक शहर निवडा, बाकीची पुढच्या वेळी. आणि पठारावर पोचलात की घरी व्हिडिओ कॉल लावा. वारा इतका असतो की धड ऐकू येणार नाही. तरी आईला ओरडून सांगा, कुठे आहात, किती खर्च झाला आणि पोहे केले होते की नाही.