डब्यावरून ‘हेल्थ’ उतरलं, आता पेल्यात आणू या!

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हिशेब संपला, चहा आला आणि गटातल्या एका सूनबाईनं मोबाइल पुढे केला. “काकू, हे स्मूदी म्हणजे नक्की काय हो? आमचा पोरगा रोज मागतो. बाटली घ्यायची तर परवडत नाही.” मी उत्तर द्यायच्या आत कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, “अगं, शिकरणच ती! पातळ करून पेल्यात ओतली, की झाली इंग्रजी.” सगळ्या खळखळून हसल्या.

मी मात्र घरी आल्यावर विचारात पडले. याच सूनबाईच्या घरी मुलासाठी दर महिन्याला चॉकलेटी पावडरचा मोठा डबा येतो. चारशेच्या घरात पैसे जातात. आणि आमच्या तपासणी शिबिरात तिचं स्वतःचं हिमोग्लोबिन निघालं होतं ८.६. बाईचं ते निदान १२ तरी हवं. सकाळी ती काय घेते? कपभर चहा आणि रात्रीची उरलेली पोळी. मुलाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात शक्ती, उंची, बुद्धी असं सगळं लिहिलेलं. आईच्या चहाच्या कपावर कोण काय लिहिणार?

तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. मीही बी. ए. झालेली बाई, पण माझ्या मुलाला वर्षानुवर्षं असंच पेय दिलं आणि एकदाही डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली नाहीत. पुढची मोठी अक्षरं वाचली आणि आई म्हणून आपलं कर्तव्य झालं, असं समजले.

या मोठ्या अक्षरांबद्दल गेल्या दोन-तीन वर्षांत बरंच घडलं. ते आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायला हवं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं चौकशी केली, तेव्हा लक्षात आलं की २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाची गोष्टच नाही! एप्रिल २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं आणि पाठोपाठ केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या मथळ्याखाली विकू नका. जूनमध्ये फळांच्या रसाची पाळी आली. घट्ट अर्कात पाणी घालून केलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं छापायचं नाही, असा आदेश निघाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिसरा दणका बसला. गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं वापरायला बंदी आली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. जुलाब झालेल्या लेकराला आया औषध समजून साखरपाणी पाजत होत्या, हे त्यांचं दुखणं होतं.

तिन्ही आदेशांत शब्द काढायला सांगितला, वस्तू नाही. डबा दुकानात आहेच, साखरही आहेच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून फळांच्या रसाच्या पेयांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. कर उतरला की मोह वाढणारच. ताज्या फळांवर तर मुळात करच नाही, पण त्याची जाहिरात कोण करणार? केळीवाल्या मावशींच्या हातगाडीला काही टीव्हीवर जागा मिळत नाही. म्हणजे सरकारनं आपल्या हातात माहिती दिली. पुढचं काम आपलंच आहे.

ते काम अवघड नाही. पहिलं म्हणजे, डबा किंवा बाटली घेताना मागची बाजू वाचा. समजा १०० मिलिलिटरमागे १२ ग्रॅम साखर लिहिली आहे. मग २०० मिलिलिटरच्या डब्यात ती २४ ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वरून घातलेली आणि रसातली मिळून साखर मोठ्या माणसानंही दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा छोट्या चमच्यांच्या आत ठेवलेली बरी. एका डब्यात दिवसाचा कोटा संपला! मे २०२५ मध्ये सीबीएसईनं शाळाशाळांतून ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, ते यासाठीच. आपल्या फ्रिजच्या दारावर असा एक कागद लावायला आपल्याला कोणाचं परिपत्रक लागत नाही.

दुसरं काम मिक्सरचं. रस आणि स्मूदी यांत फरक आहे. रस गाळला की चोथा जातो आणि साखर राहते. स्मूदीत अख्खा गर असतो, म्हणून पोट भरतं. तेव्हा गाळायचं नाही, साखर घालायची नाही, आणि केल्याबरोबर प्यायचं.

केळ्याची स्मूदी पाच मिनिटांत होते. एका पेल्याला एक पिकलेलं केळं, अर्धी वाटी घरचं दही, मोठा चमचाभर दाण्याचं कूट, वेलदोडा आणि अर्धा पेला पाणी. ओट्सवाचून काही अडत नाही. दोन चमचे जाडे पोहे धुऊन दहा मिनिटं भिजवा आणि त्यातच फिरवा. वीज गेली तर केळं कुस्करून रवीनं घुसळा, आजींची शिकरण तयार!

पेरूच्या दिवसांत मऊ पेरू घ्या. मधला बियांचा भाग काढून गर, चार पुदिन्याची पानं, जिरेपूड, चिमूटभर मीठ आणि पाणी एकत्र फिरवा. पेरूत भरपूर क जीवनसत्त्व असतं. जेवणाबरोबर घेतला तर भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

नाचणीचं पीठ मात्र कच्चं घालू नका. मोठा चमचाभर पीठ पाण्यात कालवून शिजवा, गार झालं की ताक, मीठ, जिरं घालून घुसळा. ही तर आपली आंबीलच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट.

हल्ली तरुण मुलं स्मूदीत प्रोटीनची पावडर घालतात. राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यांत या पावडरींपासून सावध राहायला सांगितलं आहे. दाणे, दही, डाळ आहेत की घरात!

थोडं तारतम्यही हवं. स्मूदी हे औषध नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात, आणि त्या दूध-दह्याबरोबर किंवा चहाबरोबर नकोत. चहा जेवणानंतर तासभर तरी लांब ठेवा. मधुमेह असेल तर फळ फिरवून पिण्यापेक्षा फोडी चावून खा, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. आणि लेकराला जुलाब झाले तर स्मूदी नको, रस नको. आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात मिळणारी खरी ओआरएसची पुडी द्या.

आता शेवटचं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. यातल्या सगळ्याच काही उपाशी घरातल्या नसणार. कितीतरी जणी घरात फळं, दूध येणाऱ्या घरच्या आहेत. पण फळ मुलाला, दूध सासऱ्यांना, आणि भांड्याला चिकटलेलं आपल्याला! मिक्सर धुताना उरलेलं पिणारी बाई मी स्वतः होते, म्हणून सांगते. कायदा डब्यावरचं खोटं नाव पुसू शकतो, पण पेला कुणाच्या हातात जातो, हे कायदा ठरवत नाही. ते आपण ठरवतो.

मी त्या सूनबाईला एवढंच म्हटलं, की डब्याच्या चारशे रुपयांत केळी, दही, शेंगदाणे आण आणि मिक्सरच्या भांड्यात एक केळं जास्तीचं घाल, ते तुझं. आमच्या गटानंही ठरवलंय, पुढच्या बैठकीला चहा बंद. आजी रवी घेऊन येणार आहेत. तुमच्याकडे काय ठरतंय, मैत्रिणींनो?