पॅरासाइट, पाहुणे आणि एक लॅब्राडोर

होस्टेलमध्ये ‘पॅरासाइट’ हा शब्द ज्याला माहीत नाही तो एकतर फर्स्ट इयरचा पहिला आठवडा काढतोय, नाहीतर रेक्टर आहे. (आणि रेक्टरनाही तो माहीत आहे, हे आम्हाला माहीत आहे!) रूम दोघींची, झोपतात तिघी. तिसरीचं नाव रजिस्टरमध्ये नाही, मेसच्या यादीत नाही, बादली मात्र बाथरूमच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे. या विषयावर दर वर्षी मीटिंगमध्ये भांडण होतं आणि दर वर्षी ते ‘माणुसकी विरुद्ध शिस्त’ असंच होतं. माझ्या मते भांडणाचा मुद्दाच चुकतोय. हा प्रश्न मी घर भाड्याने देणाऱ्याच्या बाजूनेही बघितलाय, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या मामाचं तारकर्लीजवळ घर आहे. त्यातल्या दोन खोल्या तो पर्यटकांना देतो, एकूण माणसं सहा. घरात कॉन्व्हेंटवाली मी एकटी, त्यामुळे ऑनलाइन बुकिंगचे मेसेज माझ्याकडे. गेल्या मे महिन्यात एका ग्रुपचं सहा जणांचं बुकिंग होतं. रात्री साडेनऊला दोन गाड्या आल्या आणि त्यातून उतरले अकरा जण. “हे पाच जण फक्त जेवायला आलेत,” असं त्यांचा पुढारी म्हणाला. जेवायला आलेल्यांच्या हातात उशा होत्या.

मी फोनवरून मामाला म्हटलं, पाच जणांचे जादा पैसे घे नाहीतर परत पाठव. मामा म्हणाला, “गो बाय, आता ह्या रात्रीचे ते खंय जातले?” झालं. मामी परत चुलीपुढे.

आता यात पैशाचा भाग मी बाजूला ठेवते. आमच्या सिव्हिलवाल्यांना पाणीपुरवठ्यात एक आकडा पाठ करायला लावतात, माणशी रोज १३५ लिटर. मामाच्या घरातली चार माणसं आणि सहा पाहुणे, म्हणजे १३५० लिटर. टाकी १५०० ची. बसतं. चारात अकरा मिळवा, २०२५ लिटर. नाही बसत. मे महिन्यात कोकणातल्या विहिरीचा तळ दिसत असतो, तेव्हा पंप लावून टाकी परत भरू म्हणायचीही सोय नाही. सेप्टिक टँकचंही तेच, तो माणसं मोजूनच बांधलेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी काय झालं ते जेवणाच्या मेसमध्ये वाचल्या जाणाऱ्या मासिकात लिहिणं बरं नव्हे.

पण मला खरी भीती वाटली ती रजिस्टरची. तारकर्लीला मे २०२२ मध्ये पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. असं काही घडलं की किनाऱ्यावर पहिला प्रश्न असतो, एकूण किती जण होते? मामाच्या वहीत सहा नावं. उरलेले पाच जण कागदावर अस्तित्वातच नाहीत, मग त्यांना शोधायला कोण जाणार? पाहुणा परदेशी असेल तर घरमालकाने २४ तासांच्या आत सरकारला कळवावंच लागतं, न कळवल्यास तो स्वतः अडकतो. तेव्हा डोकी मोजणं हा कंजूषपणा नाही. होस्टेलला रात्री दोन वाजता आग लागली तर फायर ब्रिगेडला यादी कुठली देणार? तीच, तिसरी मुलगी नसलेली.

इथपर्यंत वाचून रेक्टर खूश झाले असतील. थांबा.

माझी आत्या अमेरिकेत टेक्सासमध्ये असते. ती स्वतः वर राहते आणि खालचा मजला एअरबीएनबीवर देते. तिच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय, पाळीव प्राणी आणू नयेत. एकदा एक गृहस्थ आले, सोबत हा एवढा मोठा लॅब्राडोर. बुकिंगमध्ये कुत्र्याचा ‘क’ नाही. गृहस्थ धडधाकट, डोळे व्यवस्थित. आत्या दारातच भडकली, आणि तिच्या जागी आपण असतो तर आपणही भडकलो असतो.

तो सर्व्हिस डॉग होता. तिथे १९९० चा अपंगांविषयीचा कायदा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे सर्व्हिस ॲनिमल म्हणजे एखाद्या अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकवलेला कुत्रा. गरज उघड दिसत नसेल तर दोनच प्रश्न विचारायची मुभा आहे. अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? आजार कोणता, सर्टिफिकेट दाखवा, काम करून दाखवायला सांगा, यातलं काहीही विचारायचं नाही. मालक स्वतः राहतो अशा पाच खोल्यांपर्यंतच्या घराला खरं तर तो कायदा लागत नाही, पण एअरबीएनबीचं स्वतःचं धोरण लागतं. त्यानुसार सर्व्हिस डॉगबद्दल आधी सांगायची सक्ती नाही आणि त्याचे पेट म्हणून जादा पैसे घेता येत नाहीत. आत्याने दोन प्रश्न विचारले. गृहस्थांना डायबेटिस. रक्तातली साखर घसरली की कुत्रा त्यांना पंजा मारून सावध करतो. पुढचे तीन दिवस तो भुंकलासुद्धा नाही म्हणे.

आत्याचं म्हणणं एवढंच की आधी सांगायला काय झालं होतं? मला हे पटत नाही. आधी सांगितलं की समोरून उत्तर येतं, “सॉरी, त्या तारखा बुक झाल्या.” जाहिरात मात्र दुसऱ्या दिवशीही तशीच मोकळी दिसते. पुण्यात रूम शोधताना आडनाव सांगितल्यावर अचानक ‘कालच गेली’ झालेल्या खोल्या आपल्यापैकी कित्येकांनी बघितल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

खोटारडे तिथेही आहेत. लाडक्या कुत्र्याला ऑनलाइन विकत घेतलेलं जॅकेट घालून सर्व्हिस डॉग म्हणणारे इतके झाले की फ्लोरिडासह बऱ्याच राज्यांनी तो गुन्हा ठरवला. ‘इमोशनल सपोर्ट’ म्हणून विमानात आणल्या जाणाऱ्या प्राण्यांना सर्व्हिस ॲनिमल मानायची सक्ती एअरलाइन्सवर २०२१ पासून राहिलेली नाही. गंमत म्हणजे सर्व्हिस डॉगचं सरकारी सर्टिफिकेट तिथे नसतंच, त्यामुळे न मागता कागद पुढे करणाऱ्याकडेच जरा जपून बघावं. तरीही नियम मोडला म्हणून सगळ्यांचे कागद तपासा, असं त्या १९९० च्या कायद्यात आलं नाही. दोन प्रश्न दोनच राहिले.

मला यातून आपल्या होस्टेलसाठी दिसतं ते हे. सहाच्या जागी अकरा, हे लपवणं म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी वापरणं. तो कुत्रा न सांगता आणणं म्हणजे दार तोंडावर आपटू नये एवढीच काळजी. दोन्हीला ‘न सांगता आणलं’ म्हणून एकच दंड लावणं मूर्खपणाचं आहे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा आहे, पण त्या दोन प्रश्नांसारखं काही मला आपल्या होस्टेलच्या नियमावलीत दिसलं नाही. तिथे फक्त ‘प्राणी पाळण्यास सक्त मनाई’ आहे. (मेसच्या दाराशी कायम बसणाऱ्या सहा कुत्र्यांनी ती वाचलेली नाही.) उद्या कोणी अंध विद्यार्थी गाइड डॉग घेऊन आला तर गेटवरचा वॉचमन कोणत्या कलमाखाली निर्णय घेणार?

आणि पॅरासाइटबद्दल. रात्री दोनला टॉर्च घेऊन धाड टाकल्याने संख्या कमी होत नाही, फक्त कपाटामागे लपण्याचं कौशल्य वाढतं. बहुतेक तिसऱ्या मुली या ॲडमिशनमध्ये होस्टेल न मिळालेल्या आपल्याच वर्गातल्या आहेत. गेटवर एक गेस्ट-वही ठेवा, रात्रीचे माफक पैसे घ्या, महिन्याला अमुक रात्री अशी मर्यादा घाला. नाव लिहिलं की बाहेर काढतील ही भीती गेली, तर नाव लिहिलं जाईल.

मामाने स्वतःपुरता उपाय शोधलाय. “किती जण येणार?” हा प्रश्न तो आता विचारतच नाही, त्याला लोक सर्रास सहा म्हणतात. आदल्या दिवशी तो फोन करून विचारतो, “सुरमईची ताटां किती लावू?” सुरमईच्या बाबतीत कोणी खोटं बोलत नाही. दिवाळीच्या सुट्टीत एका सहाच्या बुकिंगला नऊ ताटं आली. मामाने तिघांसाठी शेजारच्या घरात खोली सांगून ठेवली, भाडं फोनवरच ठरवलं आणि नऊ नावं वहीत लिहिली.