विश्लेषण : जुन्या मोटारीचा टप कापणे ही कला की नासधूस?

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात झालेल्या लिलावात १९५१ सालची एक मर्क्युरी मोटार सुमारे २० लाख डॉलरना विकली गेली. जुन्या मोटारींच्या बाजारात सहसा जास्त किंमत मिळते ती कारखान्यातून निघाली तशीच राहिलेल्या गाडीला. ही गाडी मात्र तशी अजिबात नव्हती. तिचा टप कापून खाली आणलेला, दारांमधले खांब काढलेले, बाजूची पट्टी ब्युइकची तर मागचे दिवे लिंकनचे. तरीही २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत तिला स्थान मिळाले. मग जुन्या मोटारीला कटर लावणे ही कला मानायची की वारशाची नासधूस? भारतात नोंदणी आणि मॉडिफिकेशनचे नियम गेल्या काही वर्षांत स्पष्ट झाल्याने या प्रश्नाचे उत्तर इथल्या हौशी मालकांनाही शोधावे लागणार आहे.

टप कापणे म्हणजे नेमके काय?

मोटारीचा टप खांबांवर उभा असतो. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, दारांमधले खांब आणि मागच्या काचेलगतचे खांब. या सर्व खांबांतून काही इंचांचा तुकडा आडवा कापून काढायचा आणि टप खाली आणून पुन्हा जोडायचा, याला अमेरिकेत ‘चॉप’ म्हणतात. खिडक्या बुटक्या होतात, गाडी लांब आणि जमिनीला चिकटलेली दिसू लागते. याच्या जोडीने बॉडीवर इतरही कामे केली जातात. बॉडीच्या मधून आडवी पट्टी काढून तिची उंची कमी करणे म्हणजे ‘सेक्शनिंग’, बॉडी चासीवर आणखी खाली बसवणे म्हणजे ‘चॅनेलिंग’, दिवे पत्र्यात खोलवर बसवणे म्हणजे ‘फ्रेंचिंग’ आणि मुठी, बोधचिन्हे काढून पत्रा सपाट करणे म्हणजे ‘शेव्हिंग’.

ही पद्धत आली कुठून?

तिची सुरुवात शोभेसाठी नव्हे, वेगासाठी झाली. कॅलिफोर्नियातील म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या पळवत असत. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. गाडीचा समोरून दिसणारा आकार जितका लहान तितका हवेचा अडथळा कमी, हा साधा हिशेब होता. टप खाली आणला की त्याच इंजिनावर वेग थोडा वाढे. युद्धानंतर मात्र वेगापेक्षा रूपाला महत्त्व देणारी वेगळी शाखा फुटली. तिच्यासाठी १९४९ ते १९५१ या काळातली मर्क्युरी ही जणू तयार मूर्तीची दगडी शिळा ठरली. या गाडीचे अंग गोलसर होते, पत्रा जाड होता आणि टप मात्र थोडा उंच वाटत असे. सांधे बुजवण्यासाठी पत्र्यावर वितळलेले शिसे भरत, म्हणून अशा गाड्यांना ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, हे नाव पडले.

लिलावातली ती मर्क्युरी इतकी महत्त्वाची का?

सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांच्या लॉस एंजेलिसजवळच्या कार्यशाळेत १९५२ मध्ये बॉब हिरोहाता या जपानी वंशाच्या अमेरिकी तरुणासाठी ती घडली. टप पुढे चार इंच आणि मागे सात इंच उतरवला होता. पुढे कमी कापल्याने काचेतून दिसायला जागा उरली आणि मागे जास्त कापल्याने टपाची रेषा डिकीपर्यंत सलग ओघळत गेली. त्या काळात मर्क्युरी दुर्मीळ नव्हती. १९४९ ते १९५१ या तीन वर्षांच्या मिळून नऊ लाखांच्या आसपास गाड्या बनल्या होत्या. म्हणजे बॅरिस बंधूंनी कापली ती रस्त्यावर सर्रास दिसणारी गाडी.

पुढचा इतिहास अधिक बोलका आहे. १९५९ मध्ये एका किशोरवयीन मुलाने ती अवघ्या ५०० डॉलरना घेतली, आणि अनेक वर्षांनंतर तिची डागडुजी झाली ती १९५२ च्या रूपात परत नेण्यासाठी. कोणीही तिला ‘सुधारण्याचा’ प्रयत्न केला नाही. म्हणजे मूळ रूप मोडून जन्मलेल्या गाडीलाही पुढे स्वतःचे मूळ रूप मिळाले आणि ते जपले गेले. ‘मूळ रूप वगैरे सगळे थोतांड’ असे म्हणणाऱ्यांना या गाडीचा दाखला देता येत नाही तो यामुळेच.

काम इतके अवघड का?

खांब सरळ उभे असते तर तुकडा काढून टप खाली ठेवला की झाले असते. पण खांब कललेले असतात. पुढचा खांब मागे झुकलेला, मागचा पुढे झुकलेला. पुढचा खांब उभ्या रेषेपासून ३० अंश कलला असेल आणि त्यातून चार इंच उंची काढली, तर टपाची कड खालच्या खांबापासून सव्वादोन इंचांहून जास्त आत येते. मागेही तसेच झाले तर टप एकूण साडेचार इंचांहून अधिक आखूड पडतो. रुंदीतही थोडी तूट येते. मग टपाचे चार तुकडे करून मध्ये पत्र्याच्या पट्ट्या घालाव्या लागतात किंवा खांब आणखी कलते करावे लागतात. दारांच्या चौकटीही त्याच हिशेबाने कापाव्या लागतात, नाहीतर दार बंदच होणार नाही.

कापण्याआधी आतून लोखंडी पाइपांचा आधार वेल्ड केला नाही, तर टप सुटताच बॉडी वाकते आणि मापे हुकतात. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने तो लाटांसारखा उठतो. म्हणून लांब लांब अंतरावर टाके घालत, पत्रा थंड होऊ देत पुढे जावे लागते. काचेचे वेगळेच दुखणे. पुढची दोन थरांची लॅमिनेटेड काच कुशल कारागीर कापू शकतो. टेम्पर्ड काच मात्र कापताच चुरा होते, तिच्या जागी नवी करून घ्यावी लागते. वक्र काच असेल तर खर्च आणि धोका दोन्ही वाढतात. त्यामुळे अशा अनेक गाड्या टप कापल्यावर काचेविना, रंगाविना वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये पडून राहतात. कापायला दोन दिवस पुरतात, जोडायला दोन वर्षे लागू शकतात.

सुरक्षिततेचे काय?

मर्क्युरीला स्वतंत्र चासी होती. भार चासी वाहत असे, बॉडी तिच्यावर बसवलेली होती. तरीही खांब आणि टप गाडी उलटल्यावर आतल्यांना वाचवतात, हे तिथेही खरेच. सांधा फक्त पुट्टीने झाकला असेल तर तो दिसायला सुबक आणि वेळेला कुचकामी ठरतो. टप खाली आल्यावर डोके आणि पत्रा यातले अंतर घटते, मागचे दिसणेही कमी होते.

भारतातल्या जुन्या गाड्यांत हा धोका कित्येक पटींनी मोठा आहे. अॅम्बेसेडर आणि कुर्ल्यात बनलेली फियाट-पद्मिनी या दोन्ही मोनोकॉक पद्धतीच्या. त्यांना वेगळी चासी नाही. तळ, खांब आणि टप मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. लग्नाच्या वरातीसाठी किंवा हौसेखातर अशा गाडीचा टप उडवून ती उघडी केली आणि तळाला भक्कम आधार दिला नाही, तर गाडी मधोमध खचू लागते, दारे अडकतात. अशी गाडी रस्त्यावर आणणे ही आतल्यांच्या आणि समोरून येणाऱ्यांच्या जिवाशी तडजोड आहे.

भारतीय कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाचे मूळ विनिर्देश यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलणे किंवा अपंग व्यक्तीसाठी गाडीत फेरफार करणे अशा मोजक्या गोष्टींना परवानगीची वाट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने अवैध बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद केली.

जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात मोडते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. थोडक्यात, साठच्या दशकातली जी फियाट आज या दर्जाला पात्र आहे, तिचा टप कापला की ती पात्रता जाते. वर रस्त्यावर आणली तर कलम ५२ आडवे येते. चार इंच पत्र्याची ही किंमत किती मालकांना आधी ठाऊक असते, हा प्रश्नच आहे.

इतर देशांत कसे चालते?

जर्मनीत मोठा बदल केलेली गाडी अधिकृत तांत्रिक तज्ज्ञाकडे तपासून घ्यावी लागते. ती पसंत पडली तर बदलाची नोंद कागदपत्रांत होते. ३० वर्षांहून जुन्या गाड्यांना तिथे ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक पाटी मिळते आणि त्या गाडीच्या स्वतःच्या काळात रूढ असलेले बदलही त्यात मान्य होऊ शकतात. या व्यवस्थेत वारसा आणि कारागिरी एकमेकांच्या विरोधात उभी राहत नाहीत. कोणता बदल, कोणत्या काळचा आणि कितपत सुरक्षित, हे एक जाणकार डोळा पाहतो.

मग कापावे की नाही?

टप कापण्याचे काम कला आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही. ओबडधोबड पत्र्यातून नवी रेषा काढणे हे मूर्तिकाराइतकेच कौशल्य मागते. पण शिल्पकार दगड निवडतो तेव्हा आधी उभी असलेली मूर्ती फोडत नाही. बॅरिस बंधूंनी कापली तेव्हा मर्क्युरी ही दगडाची खाण होती. आज सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकलेली, न कापलेली मर्क्युरी हीच मूर्ती झाली आहे. काम तेच असले तरी काळ बदलला आणि त्याबरोबर त्याचा अर्थही बदलला.

रंग पुन्हा देता येतो, इंजिन परत बसवता येते, चाके बदलता येतात. कापलेला खांब मात्र पूर्ववत होत नाही. म्हणून कटर हाती घेण्याआधी दोनच प्रश्न पुरेसे आहेत. अशा गाड्या किती उरल्या आहेत? आणि हीच गाडी का? अमेरिकेत आज १९३२ च्या फोर्डची नवी पोलादी बॉडी बनवून मिळते, ती हवी तशी कापावी. गंजून गेलेली, कागदपत्रे हरवलेली बॉडी असेल तर तिला नवा जन्म देणे हे पुण्याचेच काम. पण धड चालणारी, मूळ पत्र्याची गाडी फॅशनखातर कापणे म्हणजे वाडा पाडून त्याच्याच सागवानाचे फर्निचर करण्यासारखे आहे. फर्निचर सुंदर असेलही, वाडा गेला तो गेलाच.

भारताने २०२१ मध्ये मूळ रूपाला मान दिला, ते योग्यच झाले. मात्र सरसकट ‘नाही’ म्हणण्याने कारागिरी थांबत नाही, ती गल्लीतल्या गॅरेजात लपते आणि तिथे सांध्याची ताकद कोणी तपासत नाही. व्हिंटेज गाड्यांना कडक संरक्षण आणि दुर्मीळ नसलेल्या गाड्यांवरील बदलांना शुल्क घेऊन, काटेकोर तांत्रिक तपासणीची वाट, अशी दुहेरी व्यवस्था आणली तर वारसाही टिकेल आणि आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगच्या कुशल हातांना उजळ माथ्याने काम करता येईल. तोवर जुन्या फियाटच्या मालकाने टपाकडे हात नेण्यापूर्वी आरटीओचा नियम आणि गाडीचा सांगाडा, दोन्ही नीट समजून घेतलेले बरे.