मोरीत घसरलेल्या बायका

दवाखान्यात बाई येते. डोळ्याखाली काळेनिळे, मनगट सुजलेले. काय झाले? ‘मोरीत घसरले.’ शेजारी नवरा उभा. मलम, गोळ्या मिळतात आणि बाई त्याच घरी परत जाते. डहाणू असो, तलासरी असो की मुंबई, आपल्या बायका इतक्या वेळा मोरीत कशा घसरतात, हे आपण कधी विचारणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सुमारे चार विवाहित स्त्रियांमागे एकीने नवऱ्याची हिंसा सोसली आहे. यात सगळ्या धर्मांच्या बायका आल्या. म्हणून ‘हा मुसलमानांचाच रोग’ म्हणणारे खोटे बोलतात. आणि ‘आमच्यात असले काही नसते’ म्हणणारे आपले जमातवालेही.

मार अंगावरच्या वळाबरोबर संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार अशा स्त्रियांत नैराश्याची शक्यता जवळपास दुप्पट असते, तर कमी वजनाचे मूल जन्मण्याची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त. पालघर जिल्ह्याचे नाव कुपोषणाच्या बातम्यांत सतत येते. आपण लोहाच्या गोळ्या मोजतो, बाळाचे वजन मोजतो. पण गरोदर बाई धास्तीत किती जेवते, किती झोपते, तपासणीला जायची तिला परवानगी मिळते का, हे कोण मोजते?

काही जण लगेच आयत पुढे करतात. पैगंबरांनी कधी कोणा स्त्रीवर हात उगारला नाही, ही हजरत आयशा यांची साक्ष मात्र त्यांना आठवत नाही. तलाकवर रात्रभर वाद घालणारे आपण, निकाह टिकलेल्या घरातल्या मारावर गप्प का?

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा. तो सर्वधर्मीय स्त्रियांसाठी आहे. त्याच्या कलम ७ नुसार पीडितेला उपचार देणे दवाखान्याचे कर्तव्य आहे. आधी तक्रार नोंदवून या, असे सांगून तिला परत पाठवता येत नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००१ मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. बाईला एकटीला बसवून विचारायचे, ऐकायचे, जखमांची नीट नोंद करायची, आधार द्यायचा. एवढे डहाणू-तलासरीच्या प्रत्येक बाईला तिच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळालेच पाहिजे.

मे १९४५ मध्ये याच तलासरीजवळ झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे जमीनदाराची वेठ करायची नाही, असे ठरवून उठले. मालकाचा चाबूक ही तेव्हा ‘रीत’ होती. ती मोडली. मग नवऱ्याचा हात तेवढा ‘घरचा मामला’ कसा?

तरुण दोस्तांनो, शेजारच्या घरातून आवाज आला तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. दार ठोठवा. १८१ वर फोन करा. आणि पुढच्या वेळी खाला ‘मोरीत घसरले’ म्हणाली, तर मान डोलावून उठू नका. तिच्याजवळ बसा.