मुदत कोणाला?

विवाहितेच्या छळाची फिर्याद नोंदल्यापासून दोन महिने अटक करू नये आणि प्रकरण जिल्ह्याच्या कुटुंबकल्याण समितीकडे सोपवावे, ही अलाहाबाद उच्च न्यायालयाची २०२२ सालची मार्गदर्शक सूत्रे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये उचलून धरली. अशाच समित्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्वतःच सुचविल्या होत्या आणि २०१८ साली त्या कायद्याच्या चौकटीत बसत नाहीत म्हणून बाजूला सारल्या होत्या. सामान्य माणसाने यातून कोणता अर्थ काढावा?

दंडसंहितेत १९८३ साली कलम ४९८-अ घातले गेले, ते नववधू जळून मेल्याच्या वार्तांनी समाजमन हादरले म्हणून. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. तिचा गैरवापर होतो, ही तक्रार सर्वस्वी खोटी नव्हे. पतीवरील रागापोटी दूरगावी नांदणाऱ्या नणंदेचे किंवा अंथरुणाला खिळलेल्या आजेसासूचे नाव फिर्यादीत गोवले जाते. परंतु त्यावरील उपाय २०१४ सालीच सांगितला गेला आहे. अटकेची कारणे पोलिसांनी लेखी द्यावीत व दंडाधिकाऱ्यांनी डोळे मिटून कोठडी देऊ नये, असे त्या वेळी न्यायालयाने बजावले होते. तो आदेश नीट पाळला असता, तर सरसकट मुदतीची गरजच पडली नसती.

चार भिंतींआड घडणाऱ्या छळाला साक्षीदार मिळणे मुळातच कठीण. अंगावरचे वळ पंधरवड्यात मावळतात, शेजाऱ्यांची स्मरणशक्ती अकस्मात क्षीण होते, दागिने सोनाराच्या मुशीत जातात. या मुदतीतही वैद्यकीय अहवाल व साक्षीदारांचे जबाब घेण्याचे काम चालू ठेवावे, असे त्याच सूत्रांत म्हटले आहे. आमच्या ठाण्यांवर किती जणांनी ते वाक्य वाचले असेल? पुराव्याअभावी सुटलेला गुन्हेगार आणि खोट्या फिर्यादीत अडकलेला निरपराधी, दोघेही पुढे एकाच रकान्यात 'निर्दोष' म्हणून मोजले जातात, आणि तो आकडा पुढच्या फिर्यादी स्त्रीच्या तोंडावर फेकला जातो.

आम्हां गोमंतकीयांना आमच्या समान नागरी कायद्याचा मोठा अभिमान. पत्नीला निम्मा वाटा, मुलीला मुलाइतकाच वारसा. प्रत्यक्षात वडील गेल्यावर 'लग्नातले सोने हाच तुझा वाटा' असे सांगून बहिणीची सही हक्कसोडीच्या दस्तावर घेतली जाते. पुढे तीच बहीण मार खाऊन दारी येते, तेव्हा घर भावाचे झालेले असते आणि वहिनी म्हणते, 'जरा सांभाळून घ्या, वन्सं.' दोन महिने तिने जायचे कोठे? सासरच्या घरात राहण्याचा अधिकार तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिला आहे. तो मिळवून देण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज मात्र कोणीतरी करावयास हवा.

समितीने समेटाची बोलणी अवश्य करावीत. त्याआधी पहिल्या बैठकीच्या टिपणात एवढे लिहिले जावे: ही स्त्री आज रात्री कोठे राहणार, तिचे दागिने कोणाच्या ताब्यात आहेत, आणि डॉक्टरांनी तिला तपासले की नाही.