फोन बंद पडल्यावर उरतं ते

परीक्षा जवळ आल्या की ग्रुपवर 'एक्झाम सर्व्हायव्हल किट'चे फोटो फिरायला लागतात. रंगीत पेनं, हायलायटर, स्टिकी नोट्स, चॉकलेटं आणि हमखास एक पॉवर बँक. फोटो छान असतात. पण माझं म्हणणं असं आहे, की ही किटं अभ्यासाच्या टेबलासाठी आहेत, अडचणीसाठी नाहीत. अडचण आली की सगळ्यात आधी फोन दगा देतो, आणि आपण तर सगळा जीव त्या फोनमध्येच ठेवलेला असतो!

गौलीगुड्यात राहणाऱ्याला हे फार समजावून सांगावं लागत नाही. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री मुसीचं पाणी आमच्या शेजारच्या महात्मा गांधी बसस्थानकात, म्हणजे आपल्या इमलीबनात शिरलं. अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. नांदेडची गाडी धरायला गेलेले माझे मामा त्यांच्यातच होते. त्यांचा फोन भिजून बंद. शेजारच्या माणसाने आपला फोन पुढे केला, तर मामांना एकही नंबर आठवेना. पाठ होता तो फक्त आमच्या घरचा जुना लँडलाइन, जो बंद करून कित्येक वर्षं झाली. त्यांनी तोच लावला! इकडे आम्ही रात्रभर त्यांचा बंद फोन लावत बसलो होतो. घर एवढं जवळ, तरी रात्री दोनला ते दारात उभे राहिले तेव्हा कुठे आईच्या जिवात जीव आला.

सप्टेंबर आणि मुसी हे नातं आमच्या भागाला नवं नाही. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने हीच वस्ती धुऊन नेली होती. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशे माणसं वाचली असं सांगतात. ते झाड अजून उभं आहे. उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले ते त्या पुरानंतरच. म्हणूनच असेल, आमच्या आजीची कागदपत्रांची पत्र्याची पेटी कायम माळ्यावर असते, आणि आतला प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत. आम्ही हसायचो. आता हसत नाही.

परीक्षेचंही तसंच. गेल्या वर्षी मी हॉलतिकीट फोनवर घेऊन निघाले. 'कॉलेजजवळ प्रिंट काढू' म्हटलं. दुकानात पोचले तर झेरॉक्सवाले भाई म्हणाले, "करंट नै बेटा." जनरेटर असलेलं दुकान शोधण्यात वीस मिनिटं गेली. आत बसले तेव्हा हात इतके थरथरत होते की स्वतःचा रोल नंबर दोनदा चुकला. तेलंगणात २०२४ पर्यंत इंटरच्या परीक्षेला एक मिनिट उशीर झाला तरी आत सोडत नसत. त्या वर्षी पाच मिनिटांची सवलत मिळाली. पाच मिनिटांत झेरॉक्स निघत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

म्हणून माझ्या मते किट भरताना एकच प्रश्न विचारावा: फोन बाहेरच्या ढिगात ठेवल्यावर यातलं काय कामाला येईल? हॉलतिकिटाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. ओळखपत्र. रोजच्या वापरातलीच पेनं. नवं पेन परीक्षेच्या दिवशी कधीच नीट चालत नाही. सुटे पैसे, कारण यूपीआयही फोनबरोबरच बंद होतं. दोन सेफ्टी पिना, दोन पॅड. पॅड स्वतःला लागलं नाही तरी बाथरूममध्ये कुणीतरी दबक्या आवाजात मागतंच. मार्च-एप्रिलच्या उन्हासाठी ओआरएसचं पाकीट, पण पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. लिटरभराची पुडी पेल्यात कालवून पिणारे आमच्या वर्गात आहेत, आणि ते चुकीचं आहे. परीक्षेचे नियमही आधी वाचावेत. नीटला घड्याळ चालत नाही आणि पेन केंद्रावरच मिळतं. तिथे हौसेने भरलेला पाऊच दारातच राहतो.

कुणी म्हणेल, डिजिलॉकर आहे की! आहे, आणि मीही वापरते. पण इमलीबनात गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाला ते उघडून दाखवा.

आणि एक कागद. त्यावर तीन घरचे नंबर, रक्तगट, ११२ आणि १०८. ती १०८ ची गाडी २००५ साली आपल्याच हैदराबादेत सुरू झाली, तरी ऐन वेळी आकडा आठवत नाही असे लोक मी पाहिलेत. कागद बॉलपेनने लिहायचा. जेलची शाई पाण्यात पसरते.

मामांच्या शर्टाच्या खिशात आता असं लॅमिनेट केलेलं कार्ड असतं. मी करून दिलंय. परवा सहज म्हटलं, न बघता माझा नंबर सांगा. त्यांनी डोळे मिटले आणि तोच जुना लँडलाइन घडाघडा म्हणून दाखवला.